तटबंदीची परीक्षा : संगणक व्यवस्थेची भेदन चाचणी

छत्रपती संभाजीनगरच्या वायव्येस सुमारे १५ किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. तासून सरळ केलेला कडा, खडकात खोदलेला खंदक, आत जाण्याची एकच अरुंद वाट आणि पुढे अंधारी नावाचा भुयारी मार्ग अशी त्याची रचना आहे. अनेक राजवटींत सिद्ध झालेली ही संरक्षणव्यवस्था पाहून आजही अभियंते थक्क होतात. तथापि या स्थळाचा इतिहास आणखीही एक धडा देतो. इ. स. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अनपेक्षितपणे चालून आला, तेव्हा यादवराजा रामचंद्रदेव याने किल्ल्याचा आश्रय घेतला. मुख्य सैन्य युवराजाबरोबर दूर गेलेले होते. घाईघाईने गडावर नेलेली पोती धान्याची आहेत असा सर्वांचा समज होता. ती उघडली तेव्हा त्यांत मीठ निघाले, अशी हकीकत फिरिश्ताच्या इतिहासात येते आणि या भागात परंपरेनेही सांगितली जाते. अखेर राजाला तह करावा लागला.

कडा दुर्बळ नव्हता आणि खंदकही उथळ नव्हता. उणीव होती ती एवढीच, की संकट येण्यापूर्वी कोणी पोते उघडून पाहिले नव्हते. संरक्षणाची साधने असणे आणि ती प्रसंगी उपयोगी पडतील याची खात्री असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. शासकीय कार्यालये, शाळा, सहकारी बँका आणि ग्रामपंचायती यांचा कारभार आज संगणकावर चालतो. म्हणून हा फरक प्रत्येक जबाबदार व्यक्तीने समजून घेतला पाहिजे. अशी खात्री करून घेण्याची जी शास्त्रशुद्ध पद्धत आहे तिला पेनेट्रेशन टेस्टिंग, म्हणजेच भेदन चाचणी, असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिची ओळख करून द्यावयाची आहे.

दप्तर संगणकात गेले

पूर्वी गावचे दप्तर लोखंडी पेटीत असे आणि पेटीची किल्ली कोणाजवळ आहे हे गावाला ठाऊक असे. आज डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा घरबसल्या मिळतो. ही सोय महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून सुरू झाली. ग्रामपंचायतींचे नियोजन व हिशेब ई-ग्रामस्वराज या केंद्रीय प्रणालीवर नोंदले जातात. जन्म-मृत्यूच्या नोंदी, विद्यार्थ्यांची माहिती, शिक्षकांचे वेतन आणि रुग्णांचे केसपेपरही संगणकात आहेत. छत्रपती संभाजीनगर शहरात स्मार्ट सिटी योजनेखाली रस्तोरस्ती कॅमेरे बसले आणि त्यांच्यासाठी नियंत्रण कक्ष उभा राहिला.

या बदलाने नागरिकाचे हेलपाटे कमी झाले, हे निर्विवाद आहे. मात्र जे दप्तर घरबसल्या उघडता येते, त्याच्या दाराशी परक्या देशात बसलेला चोरही येऊ शकतो, हेही तितकेच खरे आहे. लोखंडी पेटी फोडलेली सकाळी दिसते. संगणकातील माहितीची नक्कल कोणी करून नेली, तर मूळ माहिती जागच्या जागीच राहते आणि चोरी कित्येक महिने लक्षातही येत नाही.

चाचणीचे स्वरूप

भेदन चाचणी म्हणजे संगणक व्यवस्थेच्या मालकाने लेखी परवानगी देऊन, ठरावीक मर्यादेत, विश्वासू तज्ज्ञाकडून आपल्याच व्यवस्थेवर करवून घेतलेला हल्ला होय. हल्लेखोर जी साधने व ज्या युक्त्या वापरतो त्याच हा तज्ज्ञ वापरतो. फरक हेतूचा आणि परवानगीचा असतो. सापडलेल्या वाटेने चोर माल घेऊन जातो, तर परीक्षक त्या वाटेचा नकाशा काढून मालकाच्या हाती देतो.

येथे दोन शब्दांमधील भेद ध्यानात घ्यावा. दोष-तपासणीत यंत्रणेतील ज्ञात उणिवांची यादी केली जाते. कोणते सॉफ्टवेअर जुने झाले आहे, कोणते प्रवेशद्वार विनाकारण उघडे आहे, हे त्यात नोंदले जाते. भेदन चाचणी याच्या पुढे जाते. त्या उणिवांचा आधार घेऊन प्रत्यक्षात कुठवर पोहोचता येते, हे ती पडताळून पाहते. वेगवेगळ्या नोंदींत क्षुल्लक वाटणाऱ्या तीन उणिवा एकत्र आल्या की त्यांची शिडी होते आणि त्या शिडीने थेट कोठारात उतरता येते. ही गोष्ट यादीवरून कळत नाही, करून पाहिल्यावर कळते.

ही कल्पना नवी नाही. एकाच संगणकावर अनेक जण काम करू लागले तेव्हा, म्हणजे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेत या प्रश्नाची चर्चा सुरू झाली. १९७२ मध्ये जेम्स अँडरसन यांनी तेथील वायुदलासाठी संगणक-सुरक्षेचा अहवाल लिहिला. १९७४ मध्ये पॉल कार्गर व रॉजर शेल यांनी मल्टिक्स या त्या काळी सुरक्षित मानल्या गेलेल्या प्रणालीची परीक्षा घेऊन तिच्यातील छिद्रे दाखवून दिली. संरक्षणाचा दावा करणाऱ्यानेच तो सिद्ध करावा, हा दंडक तेव्हापासून रूढ होत गेला.

तीन घटना, तीन धडे

पहिली घटना जवाहरलाल नेहरू बंदरातील आहे. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने जगभरच्या अनेक कंपन्यांचे संगणक निकामी केले. त्यांत मर्स्क ही जहाज कंपनी होती. तिच्या समूहाकडे असलेल्या उरणजवळील गेटवे टर्मिनल्सचे काम त्यामुळे विस्कळीत झाले आणि कंटेनरची हाताळणी संगणकाच्या मदतीविना करण्याची वेळ आली. या प्रोग्रॅमने विंडोज प्रणालीतील ज्या उणिवेचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध करून दिली होती. शिवाय संगणकाच्या स्मृतीत राहिलेले व्यवस्थापकाचे पासवर्ड चोरून तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरत असे. धडा दुहेरी आहे. दुरुस्ती वेळेवर करावी आणि एकाच किल्लीने सर्व खोल्या उघडतील अशी व्यवस्था ठेवू नये.

दुसरी घटना पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. एटीएममधून पैसे देण्यास मंजुरी देणाऱ्या स्विच या यंत्रणेच्या जागी हल्लेखोरांनी तोतया यंत्रणा उभी केली. बनावट कार्डांवरील मागण्या बँकेच्या खऱ्या संगणकापर्यंत जातच नव्हत्या, तोतयाच त्यांना होकार देत होता. पहिल्याच दिवशी २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशव्यवस्थेद्वारे आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. अशा रीतीने एकूण ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम गेली. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. कार्यालयातल्या एखाद्या साध्या टेबलावरच्या संगणकातून एटीएम स्विचपर्यंत पोहोचता येते काय, हा प्रश्न भेदन चाचणी करणारा पहिल्याच दिवशी विचारतो.

या घटनेनंतर, १९ ऑक्टोबर २०१८ रोजी, रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी बँकांची त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार स्तरांत विभागणी करून अधिक तपशीलवार नियम घालून देण्यात आले. महत्त्वाच्या प्रणालींची दोष-तपासणी सहा महिन्यांतून एकदा आणि भेदन चाचणी वर्षातून एकदा करावी, हे तत्त्व त्यांतून पुढे आले. मराठवाड्यातील नागरी सहकारी बँकांच्या संचालकांनी आपली बँक कोणत्या स्तरात येते आणि मागील चाचणी कधी झाली, हे सभेत विचारावयास हवे.

तिसरी घटना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी तेथील पाच सर्व्हरवरील सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, दाखल रुग्णांच्या नोंदी ही कामे कित्येक दिवस हाताने करावी लागली. जाळ्याची योग्य विभागणी नसल्यामुळे हे घडले, असे केंद्र शासनाने संसदेत सांगितले. एका खोलीत लागलेली आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून मध्ये भिंत असते. संगणकांच्या जाळ्यातही अशा भिंती लागतात आणि त्या खरोखर उभ्या आहेत की केवळ नकाशावर आहेत, हे चाचणीतच उघड होते.

चाचणी कशी होते ?

या कामाचे टप्पे ठरलेले आहेत.

१. परवानगी व मर्यादा. कोणत्या प्रणाली तपासावयाच्या, कोणत्या वगळावयाच्या, दिवस व वेळ कोणती, अडचण आल्यास कोणाला कळवावयाचे, हे सक्षम अधिकाऱ्याच्या स्वाक्षरीने लेखी ठरते. परीक्षकाला आधीपासून किती माहिती द्यावयाची हेही येथेच ठरते. काहीच न सांगता केलेली चाचणी परक्या चोराचे चित्र दाखवते. साध्या कर्मचाऱ्याचे खाते देऊन केलेली चाचणी घरभेद्याचे चित्र दाखवते. सर्व आराखडा हाती देऊन केलेली चाचणी सर्वांत खोलवर जाते.

२. टेहळणी. संस्थेविषयी जाहीरपणे मिळणारी माहिती गोळा केली जाते. अधिकाऱ्यांचे ई-मेल पत्ते, जुन्या निविदांमधील यंत्रणेचा तपशील, विसरलेली जुनी संकेतस्थळे यांतून पुष्कळ काही हाती लागते.

३. शोध. कोणती दारे उघडी आहेत, त्यांमागे कोणते सॉफ्टवेअर चालते आणि त्यात कोणते ज्ञात दोष आहेत, हे साधनांच्या साहाय्याने पाहिले जाते.

४. भेदन. सापडलेल्या दोषांतून आत शिरण्याचा सावध प्रयत्न होतो. माहिती पुसली जाणार नाही आणि चालू सेवा बंद पडणार नाही, याची दक्षता घ्यावी लागते. म्हणून नाजूक यंत्रणांच्या बाबतीत शक्यतो त्यांच्या प्रतिकृतीवर चाचणी करतात.

५. अहवाल. प्रत्येक दोष, तो सिद्ध करणारा पुरावा, त्याचे गांभीर्य व उपाय यांची नोंद होते. गांभीर्य मोजण्यासाठी ० ते १० अशी आंतरराष्ट्रीय गुणपद्धती वापरली जाते. ९ व त्याहून अधिक गुणांचा दोष अतिगंभीर समजतात.

६. दुरुस्ती व फेरचाचणी. दोष दूर केल्यावर परीक्षक पुन्हा तोच प्रयत्न करून पाहतो. तो निष्फळ ठरला तरच दोष मिटला असे मानतात.

एक कल्पित उदाहरण

समजा, एका जिल्हा परिषदेने शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी संकेतस्थळ तयार केले आहे. विद्यार्थिनी आपल्या नावाने प्रवेश करते आणि आपला अर्ज पाहते. पडद्यावरील पत्त्याच्या शेवटी तिच्या अर्जाचा क्रमांक दिसतो, उदाहरणार्थ ४५१२. परीक्षक स्वतःच्या नावाने प्रवेश करतो आणि शेवटचा आकडा बदलून ४५१३ करतो. दुसऱ्याच विद्यार्थ्याचा अर्ज, त्याचे उत्पन्नाचे प्रमाणपत्र व बँक खात्याचा क्रमांक पडद्यावर उमटतो. याला कोणतेही असाधारण कौशल्य लागले नाही. प्रवेश करणारा कोण आहे हे प्रणालीने दारात विचारले, परंतु मागितलेला कागद त्याचाच आहे काय, हे आत विचारले नाही.

प्रवेश-नियंत्रणातील हा दोष जगभर आढळतो. ओवॅस्प ही संस्था संकेतस्थळांतील दहा प्रमुख धोक्यांची यादी प्रसिद्ध करते. २०२१ च्या यादीत याच प्रकाराला पहिले स्थान होते. उपाय सरळ आहे. प्रत्येक कागद देण्यापूर्वी मागणाऱ्याचा त्यावरील अधिकार सर्व्हरने तपासला पाहिजे. क्रमांक लांबलचक केला किंवा पडद्यावरून लपविला म्हणजे काम भागले, असे मानणे चुकीचे आहे. ही काही ओळींची दुरुस्ती चाचणीच्या वेळी झाली तर थोड्या खर्चात होते. हजारो मुलांची माहिती बाहेर गेल्यानंतर ती परत आणण्याचा कोणताही उपाय नाही.

अहवालाचे पुढे काय ?

अनुभव असा, की चाचणी करविणे सोपे असते आणि अहवालावर कार्यवाही करणे अवघड असते. लेखापरीक्षणातील आक्षेप वर्षानुवर्षे प्रलंबित राहतात, तसेच येथेही होऊ शकते. म्हणून प्रत्येक दोषापुढे जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम आणि दुरुस्तीची तारीख लिहावी. तत्काळ दुरुस्ती शक्य नसेल तर तात्पुरता उपाय योजावा. उदाहरणार्थ, ती सेवा काही दिवस केवळ कार्यालयातील जाळ्यापुरती खुली ठेवावी. अहवाल स्वतःच अत्यंत गोपनीय असतो, कारण तो चोराच्या हाती पडल्यास त्याला आयता नकाशा मिळतो.

दोष दाखवून देणाऱ्यावर रोष धरू नये, हेही महत्त्वाचे आहे. अहवालात काहीच सापडले नाही तर प्रथम चाचणीची व्याप्ती पुरेशी होती काय, ते पाहावे. कंत्राटदाराने बनविलेल्या प्रणालीची चाचणी त्याच कंत्राटदाराकडून करवून घेणे म्हणजे विद्यार्थ्याकडूनच त्याची उत्तरपत्रिका तपासून घेण्यासारखे होय.

कायद्याची चौकट

परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे, मग हेतू कुतूहलाचा का असेना, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ खाली भरपाईस पात्र ठरते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संगणकाची गोडी असलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षकांनी हे आवर्जून सांगावे. ज्यांना हे कौशल्य शिकावयाचे आहे त्यांनी सरावासाठी मुद्दाम तयार केलेल्या प्रणालींवर सराव करावा. एखाद्या संकेतस्थळातील दोष सहज लक्षात आल्यास त्याचा गाजावाजा न करता संबंधित कार्यालयास किंवा सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेस कळवावे.

सर्ट-इन २००४ पासून कार्यरत असून सायबर घटनांच्या बाबतीत समन्वय करणारी ती देशातील प्रमुख यंत्रणा आहे. सुरक्षा-तपासणी करण्यास पात्र ठरलेल्या संस्थांची सूची ती प्रसिद्ध करते. कार्यालयांनी परीक्षक निवडताना ही सूची पाहावी. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळविणे आणि यंत्रणेतील नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे. हे निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतील प्रमुख जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. वाजवी सुरक्षा-उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद या अधिनियमात आहे.

गावपातळीवर काय करता येईल ?

प्रत्येक ग्रामपंचायतीने स्वतंत्र भेदन चाचणी करवावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. राज्यस्तरीय व केंद्रीय प्रणालींची चाचणी त्या चालविणाऱ्या विभागांनी करावयाची असते. परंतु त्या प्रणालीचे गावाकडचे दार ग्रामपंचायतीच्या टेबलावर असते. त्याची परीक्षा गावातच घेता येते आणि तिला खर्चही येत नाही.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल हे याचे ठळक उदाहरण आहे. निधी अदा करताना दोन व्यक्तींची मान्यता लागावी म्हणून दोन स्वाक्षऱ्यांची योजना आहे. दोन्ही डोंगल आणि त्यांचे पिन एकाच कपाटात, एकाच व्यक्तीच्या हाती राहत असतील तर दोन कुलपांचे एकच कुलूप होते. कामाच्या गर्दीत संगणक परिचालकाकडे डोंगल सोपविणे सोयीचे वाटते. परंतु उद्या रक्कम चुकीच्या खात्यात गेली तर कायद्याच्या दृष्टीने सही ज्याची, जबाबदारीही त्याचीच राहते. यात परिचालकावर अविश्वास दाखविण्याचा प्रश्न नाही. ही शिस्त त्यालाही संशयापासून वाचविते.

शाळा व ग्रामपंचायतींनी पुढील प्रश्न स्वतःला विचारावेत. सीसीटीव्ही व वायफाय यंत्रांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड बदलले आहेत काय ? बदलून गेलेल्या कर्मचाऱ्याचे खाते बंद केले काय ? पासवर्ड भिंतीवर किंवा पडद्याच्या कडेला चिकटविलेला तर नाही ना ? महत्त्वाच्या माहितीची प्रत संगणकापासून वेगळी ठेवली आहे काय आणि ती प्रत उघडते याची खात्री कधी करून घेतली ? 'वरिष्ठ कार्यालयातून बोलतो, ओटीपी सांगा,' असा फोन आल्यास कर्मचारी काय करील ? आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळवावयाचे असते, हे सर्वांना माहीत आहे काय ?

भेदन चाचणीलाही मर्यादा आहेत. ती त्या दिवसाचे चित्र दाखविते. पुढच्या आठवड्यात नवे सॉफ्टवेअर आले, नवा कर्मचारी रुजू झाला की चित्र बदलते. चाचणी उत्तीर्ण झाली म्हणजे यंत्रणा कायमची सुरक्षित झाली, असा तिचा अर्थ नाही. म्हणून ती ठरावीक काळाने आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर पुन्हा करावी लागते.

नागरिक आपल्या जमिनीची, मुलांची व आजारपणाची माहिती शासनाच्या स्वाधीन करतो, तेव्हा ती जपली जाईल असा त्याचा विश्वास असतो. तो विश्वास जपणे हे सार्वजनिक सेवेचेच अंग होय. पुढील मासिक सभेच्या विषयपत्रिकेत एक विषय वाढवावा : आपल्या ताब्यातील माहितीचे दार कोणते, त्याची किल्ली कोणाजवळ आहे आणि ते कुलूप शेवटचे कोणी, केव्हा तपासले. या तीन प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदली गेली, तर कामाला योग्य प्रारंभ झाला असे म्हणता येईल.